टिंब, रेघ आणि सॅम्युएल मोर्स

अर्डुइनो बोर्ड पहिल्यांदा हातात आला की आपण सगळे एकच गोष्ट करतो. तेरा नंबरच्या पिनवरचा एलईडी एक सेकंद चालू, एक सेकंद बंद. मग कुणीतरी सिनिअर सांगतो, आता याच एलईडीने मोर्स कोड पाठवून दाखव. तीन टिंबं, तीन रेघा, तीन टिंबं. प्रोग्राम जेमतेम पंधरा-वीस ओळींचा. एलईडी लुकलुकतो, रूम पार्टनर पाठ थोपटतो आणि आपण पुढच्या सेन्सरकडे वळतो.

ज्याच्या नावाने हा कोड ओळखला जातो तो माणूस मात्र आपल्याला नावापुरताच माहीत असतो. मोर्स म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर प्रयोगशाळेतला एखादा शास्त्रज्ञ येतो. प्रत्यक्षात सॅम्युएल मोर्स वयाच्या ४१ व्या वर्षापर्यंत पूर्णवेळ चित्रकार होता. विजेबद्दलचं त्याचं शिक्षण म्हणजे कॉलेजात ऐकलेली काही लेक्चर्स. खिसा कायम रिकामा. अशा माणसाने विजेच्या पल्समध्ये अक्षरं कशी बसवली, आणि काम झाल्यावर श्रेय वाटायची वेळ आली तेव्हा तो कसा वागला, या दोन्ही गोष्टी आपण इंजिनिअरिंगवाल्यांनी वाचायलाच हव्यात असं मला वाटतं. म्हणून हा लेख.

पाच डॉलरचं पोर्ट्रेट

मोर्सचा जन्म २७ एप्रिल १७९१ रोजी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये, चार्ल्सटाउन इथे झाला. वडील जेडिडाया मोर्स हे धर्मोपदेशक, शिवाय भूगोलाची पाठ्यपुस्तकं लिहिणारे. त्यांची पुस्तकं अमेरिकेतल्या शाळाशाळांत चालत. घरात शिस्त कडक आणि शिक्षणाला मान. मोठ्या मुलाला त्यांनी येल कॉलेजात घातलं. तिथे बेंजामिन सिलिमन आणि जेरमाया डे या प्राध्यापकांची विजेवरची लेक्चर्स त्याने ऐकली आणि त्याला ती आवडलीही. पण जीव रमायचा तो चित्रांत. खर्चाला पैसे कमी पडले की तो हस्तिदंताच्या छोट्या तुकड्यावर दोस्तांची पोर्ट्रेट्स काढून द्यायचा. एकाचे पाच डॉलर. दुसऱ्यांच्या ड्रॉइंग शीट्स काढून मेसचं बिल भरणारे आपल्याकडेही आहेत, त्यांना हा हिशोब लगेच कळेल!

१८१० मध्ये पदवी मिळाली. वडिलांनी त्याला एका पुस्तकविक्रेत्याकडे कामाला लावलं, पण मुलाचं मन तिथे नाही हे दिसल्यावर १८११ मध्ये त्याला चित्रकला शिकायला लंडनला पाठवलं. रॉयल अकादमीत प्रवेश मिळाला. मरणासन्न हर्क्युलिसच्या त्याने केलेल्या मातीच्या मूर्तीला १८१३ साली सुवर्णपदक मिळालं. १८१५ मध्ये तो परतला तो मोठी ऐतिहासिक चित्रं काढायची स्वप्नं घेऊन. अमेरिकेत मात्र अशा चित्रांना गिऱ्हाईक नव्हतं. लोकांना हवी होती स्वतःची पोर्ट्रेट्स. मग गावोगाव फिरून तीच काढायची, असं सुरू झालं. १८१८ मध्ये ल्युक्रेशिया वॉकरशी लग्न झालं. त्यानंतर त्याने अमेरिकन संसदेच्या सभागृहाचं एक प्रचंड चित्र काढलं आणि तिकीट लावून त्याचं प्रदर्शन भरवलं. लोक आलेच नाहीत.

उशिरा पोचलेलं पत्र

१८२५ च्या सुरुवातीला नशीब उघडल्यासारखं वाटलं. न्यूयॉर्क शहराने त्याला मार्क्विस द लाफायेत या नामवंत सेनानीचं पोर्ट्रेट काढायचं काम दिलं. त्यासाठी मोर्स वॉशिंग्टनला गेला. ल्युक्रेशिया न्यू हेवनला सासरी होती. जानेवारीतच तिला तिसरं मूल झालं होतं. ७ फेब्रुवारीला ती हृदयविकाराने अचानक वारली. वय अवघं २५.

वडिलांनी दुसऱ्या दिवशी मुलाला पत्र लिहिलं. न्यू हेवन ते वॉशिंग्टन अंतर सुमारे ३०० मैल. टपाल घोड्यांच्या गाडीने जायचं, त्यामुळे पत्र वाटेत असताना मोर्स इकडे लाफायेतची भेट कशी झाली हे बायकोला हौसेने लिहून कळवत होता. बातमी मिळाल्यावर तो तसाच निघाला, रात्रंदिवस प्रवास करून घरी पोचला, तोवर तिचं दफनही झालं होतं.

हा प्रसंग टेलिग्राफच्या जन्माचं कारण म्हणून नेहमी सांगितला जातो. मला ही जोडणी जरा जास्तच सोयीची वाटते. टेलिग्राफची कल्पना त्याला सुचली ती सात वर्षांनंतर, आणि मधली सगळी वर्षं त्याने चित्रंच काढली. पण एक मात्र खरं, की बातमी घोड्यापेक्षा वेगाने धावू शकत नाही याची किंमत त्याने स्वतः मोजली होती. आपल्याकडे दारात तारवाला दिसला की घरात आधी रडारड सुरू व्हायची, तार वाचायची मागाहून, असं आपल्या आजी-आजोबांच्या पिढीचे लोक सांगतात. भारतातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, त्यामुळे आपण ते पाहिलेलं नाही. तारेने वाईट बातम्या आणल्या, पण निदान शेवटचं तोंड बघता येईल इतक्या वेळेवर आणल्या. मोर्सच्या वाट्याला तेवढंही आलं नाही.

जहाजावरची वही

पुढच्या वर्षी वडील गेले, १८२८ मध्ये आई गेली. मुलं नातेवाइकांकडे ठेवून मोर्स १८२९ मध्ये पुन्हा युरोपला गेला. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात बसून त्याने एकाच मोठ्या कॅनव्हासवर तिथल्या ३८ नामांकित चित्रांच्या छोट्या नकला काढल्या. ज्या अमेरिकनांना पॅरिस परवडत नाही त्यांना हे दाखवू, अशी कल्पना. तीही चालली नाही. ते चित्र शेवटी १,३०० डॉलरला विकावं लागलं. गंमत म्हणजे १९८२ मध्ये त्याच चित्राला ३२.५ लाख डॉलर मिळाले.

ऑक्टोबर १८३२ मध्ये तो फ्रान्सहून सली नावाच्या जहाजाने परत निघाला. जहाजावर बोस्टनचे डॉ. चार्ल्स जॅक्सन होते. जेवणाच्या टेबलावर ते विद्युतचुंबकाच्या नव्या प्रयोगांबद्दल बोलत होते. तार कितीही लांब असली तरी वीज त्यातून क्षणात पार होते, हे त्यातून निघालं. मोर्सच्या डोक्यात तिथेच ठिणगी पडली. तारेच्या दुसऱ्या टोकाला वीज आली आहे एवढं जर दाखवता येत असेल, तर निरोप का पाठवता येऊ नये? पुढचे काही आठवडे तो डेकवर वही घेऊन बसला. टिंबं आणि मोकळ्या जागा वापरून आकडे कसे लिहायचे याचे तक्ते त्याने त्या वहीत केले.

कल्पना नवी नव्हती. युरोपात बरेच लोक विजेने निरोप पाठवायच्या मागे होते. पण त्यांच्या यंत्रांत तारांचं जंगल असायचं. १८३७ मध्ये इंग्लंडमध्ये कुक आणि व्हीटस्टन यांनी पेटंट घेतलं त्यात पाच सुया होत्या, आणि दोन सुया मिळून अक्षराकडे बोट दाखवत. म्हणजे अक्षर कुठलं हे कोणत्या तारेत वीज आहे यावर ठरायचं. आजच्या भाषेत पॅरलल पोर्ट. मोर्सने एकच सर्किट घेतलं. त्यात वीज एक तर आहे, नाही तर नाही. मग अक्षर ओळखायचं कशावरून? किती वेळ आहे आणि किती वेळ नाही, यावरून. जागेचं काम त्याने वेळेवर सोपवलं. यूएआरटी, रिमोट कंट्रोलचा इन्फ्रारेड सिग्नल, सर्व्हो मोटरची पल्स, ही सगळी मंडळी हेच करतात.

चित्राच्या चौकटीतलं यंत्र

न्यूयॉर्क विद्यापीठात मोर्सला चित्रकलेचा प्राध्यापक म्हणून जागा मिळाली होती, पण पगार नाही. विद्यार्थी जी फी देतील तीच कमाई. विद्यापीठाच्या इमारतीतल्या खोलीतच तो राहायचा, झोपायचा, स्वयंपाकही तिथेच करायचा. कुणाला कळू नये म्हणून किराणा अंधार पडल्यावर आणायचा. होस्टेलमध्ये चोरून इलेक्ट्रिक शेगडी वापरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, परंपरा जुनी आहे. डेव्हिड स्ट्रॉदर नावाच्या त्याच्या एका विद्यार्थ्याने एक आठवण सांगितली आहे. फीचे पैसे थकले होते. मोर्सने विचारल्यावर त्याने जवळचे १० डॉलर दिले. मोर्स त्याला घेऊन जेवायला गेला आणि जेवताना म्हणाला, की चोवीस तासांतलं हे आपलं पहिलं जेवण आहे.

पहिलं यंत्र याच खोलीत तयार झालं. पैसे नव्हते, म्हणून कॅनव्हास ताणायची लाकडी चौकटच त्याने यंत्राचा सांगाडा म्हणून वापरली. चौकटीला वरून लोंबकळणारा एक दांडा, त्याला पेन्सिल, बाजूला विद्युतचुंबक, खाली घड्याळाच्या यंत्राने सरकणारी कागदाची पट्टी. वीज नसेल तेव्हा पेन्सिल सरळ रेघ ओढायची. पल्स आली की चुंबक दांडा खेचायचा आणि कागदावर इंग्रजी व्ही सारखा खाचा उमटायचा.

पाठवणारं यंत्र तर याहून मजेदार होतं. छापखान्यात असतात तसे शिशाचे खिळे त्याने ओतून घेतले. प्रत्येक खिळ्याच्या डोक्यावर करवतीसारखे दात, आणि दातांची संख्या व अंतर आकड्याप्रमाणे ठरलेलं. हे खिळे एका पट्टीत निरोपाप्रमाणे जुळवायचे आणि हँडल फिरवून पट्टी पुढे सरकवायची. दात आला की वरची तरफ उचलली जायची, तिच्या दुसऱ्या टोकाची तार पाऱ्याच्या वाट्यांत बुडायची, सर्किट पूर्ण व्हायचं. दात गेला की सर्किट तुटायचं. म्हणजे वेळेचा हिशोब हातावर न सोडता धातूत ओतून ठेवलेला होता. हाताने फक्त हँडल एकसारखं फिरवायचं.

हे वाचल्यावर मला आपला बोर्डच आठवला. मोर्स कोडचा आजचा नियम असा. टिंब एक एकक, रेघ तीन एककं. एका अक्षरातल्या दोन खुणांमध्ये एक एकक शांतता, दोन अक्षरांमध्ये तीन, दोन शब्दांमध्ये सात. वेग मोजायला पॅरिस हा इंग्रजी स्पेलिंगचा शब्द प्रमाण धरतात, कारण शेवटच्या मोकळ्या जागेसकट तो बरोबर ५० एककांत बसतो. मिनिटाला २० शब्द पाठवायचे तर मिनिटात १,००० एककं, म्हणजे एक एकक ६० मिलिसेकंदांचं.

आपण सहसा डिले फंक्शन वापरून ६० मिलिसेकंद थांबतो. एलईडीपुरतं ते चालतं. पण डिले चालू असताना प्रोग्राम पुढे सरकत नाही, आणि मधल्या कोडला लागणारा वेळ प्रत्येक एककात भरत जातो. त्यात डीबगिंगसाठी ९६०० बॉडवर सिरीयल प्रिंट टाकलं की बघायलाच नको. एक अक्षर बाहेर पडायला सुमारे एक मिलिसेकंद लागतो. बफर भरला की प्रोग्राम तिथेच अडकतो आणि टिंब लांबायला लागतं.

नीट करायचं तर टायमर वापरावा. अर्डुइनो उनोचं घड्याळ १६ मेगाहर्ट्झ. टायमर वनला ६४ चा प्रीस्केलर लावला की मोजणीचं एक पाऊल ४ मायक्रोसेकंदांचं होतं. ६० मिलिसेकंद म्हणजे १५,००० पावलं. मोजणी शून्यापासून, म्हणून कंपेअर रजिस्टरमध्ये १४,९९९ टाकायचे. दर एककाला इंटरप्ट येतो आणि त्यात एकच काम करायचं, अॅरेमधला पुढचा बिट पिनवर ठेवायचा. टिंबाला एक वेळा १, रेघेला तीन वेळा १, शांततेला ०. इंटरप्टपर्यंत पोचायला काही मायक्रोसेकंद इकडेतिकडे होतात, पण ती चूक साठत नाही, कारण टायमरने पुढची मोजणी स्वतःच सुरू केलेली असते. मुख्य प्रोग्राम काहीही करत असो, ठोका चुकत नाही.

आता पुन्हा मोर्सकडे बघा. अॅरे म्हणजे त्याची खिळ्यांची पट्टी, टायमर म्हणजे एकसारखं फिरणारं हँडल आणि पिन म्हणजे पाऱ्यात बुडणारी तार. आपण लिहितो तो प्रोग्राम जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी एका चित्रकाराने शिशात ओतला होता.

मदतीचे हात

यंत्र चाललं, पण थोड्याच अंतरावर. तार लांब केली की पल्स दुसऱ्या टोकाला मेलेलीच. मोर्सला कारण कळेना. विद्यापीठातच रसायनशास्त्राचे प्राध्यापक लिओनार्ड गेल होते. त्यांनी यंत्र पाहिलं आणि दोष लगेच ओळखला. जोसेफ हेन्री या अमेरिकन शास्त्रज्ञाने १८३१ मध्ये प्रसिद्ध केलेला लेख त्यांनी वाचला होता. लांब तारेसाठी एका मोठ्या सेलऐवजी अनेक सेल एकापुढे एक जोडायचे आणि चुंबकावर बारीक तारेचे खूप वेढे द्यायचे, हे त्यात होतं. गेल यांनी तसं करून दिलं आणि यंत्र काही फुटांवरून दहा मैल तारेपर्यंत गेलं. त्यापुढच्या अंतरासाठी रिले. पहिल्या सर्किटमधली दमलेली पल्स एक छोटं चुंबक ओढते, ते दुसऱ्या बॅटरीचं सर्किट जोडतं आणि पल्स पुन्हा ताजी होऊन निघते. या तत्त्वावरही हेन्रीने आधीच काम केलं होतं.

२ सप्टेंबर १८३७ रोजी मोर्सने विद्यापीठात १,७०० फूट तारेवर प्रयोग दाखवला. प्रेक्षकांत आल्फ्रेड वेल नावाचा याच विद्यापीठातून नुकताच बाहेर पडलेला तरुण होता. वेलच्या वडिलांचा न्यू जर्सीत मॉरिसटाउनजवळ स्पीडवेल नावाचा लोखंडाचा कारखाना होता. त्याच महिन्यात करार झाला. वेलने स्वतःच्या खर्चाने चांगली यंत्रं बनवायची, बदल्यात अमेरिकेतल्या हक्काचा चौथा हिस्सा. चौकटीतलं डगमगतं यंत्र वेलच्या हाताखाली पितळी, नेमकं आणि सुटसुटीत झालं. जानेवारी १८३८ मध्ये त्या कारखान्यात दोन मैल तारेवरून लोकांसमोर निरोप गेला.

कोडही याच काळात बदलला. आधी फक्त आकडे जायचे, आणि कोणता आकडा म्हणजे कोणता शब्द हे जाड कोशात शोधावं लागायचं. आता अक्षरांनाच खुणा आल्या. इंग्रजीत सर्वांत जास्त लागणाऱ्या ई ला एक टिंब, टी ला एक रेघ, क्वचित लागणाऱ्या अक्षरांना लांबलचक खुणा. अक्षरांचं प्रमाण काढायला छापखान्यातल्या कप्प्यांत कोणत्या अक्षराचे किती खिळे आहेत ते पाहिलं, असं सांगतात. हा भाग मोर्सचा की वेलचा, यावर आजही वाद आहे. आपण आज वापरतो तो कोडही तंतोतंत त्यांचा नाही. १८४८ मध्ये जर्मनीत फ्रीड्रिख गेर्के यांनी तो सुधारला, आणि १८६५ च्या पॅरिस परिषदेनंतर त्यावर आधारलेला कोड आंतरराष्ट्रीय झाला.

तीस हजार डॉलर

वेलनंतर तिसरा भागीदार आला तो संसद सदस्य फ्रान्सिस स्मिथ. संसदेच्या ज्या समितीपुढे टेलिग्राफचा प्रस्ताव होता त्याच समितीचा हा अध्यक्ष! त्याची भागीदारी गुप्त ठेवली गेली. नवी वाटणी १६ हिश्शांत झाली. मोर्स ९, स्मिथ ४, वेल २, गेल १. ज्याने यंत्र घडवलं त्याच्यापेक्षा ज्याची ओळख कामी येणार होती त्याला दुप्पट.

एवढं करूनही पाच वर्षं काही हललं नाही. युरोपात पेटंटसाठी फिरून मोर्स रिकाम्या हाताने परतला. १८४० मध्ये अमेरिकन पेटंट मिळालं. ऑक्टोबर १८४२ मध्ये न्यूयॉर्क बंदरात पाण्याखालून तार टाकून त्याने जाहीर प्रयोग ठेवला, तर एका जहाजाच्या नांगरात तार अडकून वर आली आणि खलाशांनी ती चक्क कापून टाकली.

शेवटी २३ फेब्रुवारी १८४३ रोजी प्रतिनिधिगृहात मतदान झालं. त्याआधी सदस्यांनी थट्टा करून घेतली, निम्मे पैसे संमोहनविद्येच्या प्रयोगांना द्या अशीसुद्धा सूचना आली. ८९ विरुद्ध ८३ मतांनी ३०,००० डॉलर मंजूर झाले. सिनेटने अधिवेशनाच्या शेवटच्या रात्री शिक्का मारला. ती बातमी दुसऱ्या सकाळी पेटंट आयुक्तांची मुलगी अॅनी एल्सवर्थ हिने मोर्सला सांगितली, तेव्हा लाइन सुरू झाल्यावरचा पहिला निरोप तुझ्या पसंतीचा, असा शब्द त्याने तिला दिला.

वॉशिंग्टन ते बाल्टिमोर अंतर सुमारे ४० मैल. तारा शिशाच्या नळीतून जमिनीखालून न्यायच्या ठरल्या. नळी पुरायला खास नांगर बनवला होता एझ्रा कॉर्नेलने, ज्याच्या पैशातून पुढे कॉर्नेल विद्यापीठ उभं राहिलं. बरेच पैसे जमिनीत गेल्यावर कळलं, की तारांचं इन्सुलेशन निकामी आहे. काम थांबवायचं तर वर्तमानपत्रांना कारण काय सांगणार? कॉर्नेलने नांगर मुद्दाम दगडावर घालून मोडला आणि वेळ मिळवला. मग सरळ लाकडी खांब उभे करून तारा वरून नेल्या.

१ मे १८४४ ला लाइन अर्धीच झाली होती. बाल्टिमोरला व्हिग पक्षाने अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवला, ती बातमी आगगाडीने अर्ध्या वाटेवर वेलपर्यंत आली आणि तिथून तारेने वॉशिंग्टनला गेली. गाडी पोचली तेव्हा शहराला बातमी आधीच माहीत होती. २४ मे १८४४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दालनातून मोर्सने बाल्टिमोरला वेलकडे अॅनीने निवडलेले बायबलमधले चार शब्द पाठवले. वेलने तेच शब्द परत पाठवले.

या लाइनवर खिळ्यांची पट्टी नव्हती. होती ती बोटाने दाबायची साधी की. एवढ्या कष्टाने धातूत ओतलेली वेळ शेवटी माणसाच्या बोटावर आली, आणि तरी सगळं सुरळीत चाललं. कारण या कोडमध्ये टिंब अमुक मिलिसेकंदांचं असलंच पाहिजे अशी अट नाही. अट फक्त प्रमाणाची. रेघ टिंबाच्या मानाने लांब हवी आणि शांतता तिच्या जागी हवी. घेणारा पाठवणाऱ्याची लय पकडतो. पुढे ऑपरेटर कागद न बघता नुसत्या कट्ट कडकट्ट आवाजावरून निरोप लिहायला लागले.

श्रेय कुणाचं?

इथून पुढे पैसा आला, कीर्ती आली आणि कोर्टकचेऱ्याही आल्या. जहाजावरच्या डॉ. जॅक्सननी तर कल्पना आपलीच होती असा दावा केला. १८५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोर्सचं पेटंट मान्य केलं, फक्त एक दावा फेटाळला. विद्युतचुंबकाने दूरवर अक्षरं उमटवायची कोणतीही पद्धत, आज असलेली किंवा उद्या निघणारी, आपल्याच मालकीची असं मोर्सने त्यात म्हटलं होतं. न्यायालयाने सांगितलं, तुझं यंत्र तुझं, निसर्गाचं तत्त्व तुझं नाही. पेटंट शिकवताना हा खटला आजही सांगतात.

मला खटकतं ते हेन्रीचं प्रकरण. हेन्रीने मोर्सला सुरुवातीला मोकळेपणाने सल्ला दिला, सरकारकडून पैसे मिळावेत म्हणून पाठिंब्याचं पत्रही दिलं. पण खटल्यात साक्षीला बोलावल्यावर त्याने खरं ते सांगितलं, की यामागचं विज्ञान मोर्सने शोधलेलं नाही. त्याचा राग धरून १८५५ मध्ये मोर्सने हेन्रीविरुद्ध लांबलचक पुस्तिका छापली आणि त्याचं ऋण साफ नाकारलं. स्मिथसोनियन संस्थेच्या चौकशी समितीने पुढे हेन्रीचीच बाजू योग्य ठरवली. आणि वेल? करारानुसार त्याच्या सुधारणाही मोर्सच्याच नावावर जायच्या. १८४८ मध्ये तो या धंद्यातून बाहेर पडला आणि १८५९ मध्ये वारला, श्रीमंत न होताच.

आणखी एक बाजू सांगायला हवी. मोर्स कॅथलिकांचा आणि बाहेरून येणाऱ्या कॅथलिक लोंढ्याचा कट्टर विरोधक होता. त्याने त्यावर पुस्तक लिहिलं, न्यूयॉर्कच्या महापौरपदाची निवडणूकही लढवली आणि हरला. गुलामगिरीचं तर त्याने शेवटपर्यंत समर्थन केलं. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. बॅटरी, बल्ब आणि स्विचचं पहिलं सर्किट मला एका सिस्टरनीच जोडायला शिकवलं. तेव्हा हे वाचताना वाईट वाटलं. १८५८ मध्ये युरोपातल्या दहा सरकारांनी मिळून मोर्सला ४ लाख फ्रँक बक्षीस दिले, त्यात पोपचं सरकारही होतं हे वाचल्यावर मात्र हसू आलं. ज्यांचा त्याने आयुष्यभर द्वेष केला त्यांनीही त्याच्या कामाची किंमत मोजली.

१० जून १८७१ रोजी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये त्याचा पुतळा उभा राहिला. त्या संध्याकाळी देशभरातल्या तार ऑपरेटरांना त्याचा निरोपाचा संदेश पाठवला गेला आणि शेवटी ८० वर्षांच्या मोर्सने स्वतः की दाबून आपलं नाव पाठवलं. २ एप्रिल १८७२ रोजी तो वारला. या वेळी बातमीला उशीर झाला नाही.

आपल्या फायनल इयरच्या प्रोजेक्टमध्ये चार नावं असतात. एकाने कोड लिहिलेला असतो, एकाने सोल्डरिंग केलेलं असतं, एकाने रिपोर्ट टाइप केलेला असतो. एक्स्टर्नलसमोर मात्र जो जास्त बोलतो त्याचाच तो प्रोजेक्ट होतो. शिवाय ज्या लॅब असिस्टंटनी संध्याकाळी उशिरापर्यंत थांबून ऑसिलोस्कोप दिला त्यांचं नाव आभारातही नसतं. मोर्सकडून एकच तार, एकच पल्स आणि वेळेचा हिशोब जरूर शिकावा. बारा वर्षं अपयश पचवून टिकून राहणंही शिकावं. पण रिपोर्टच्या पहिल्या पानावर गेल, हेन्री आणि वेल यांची नावं लिहायला विसरू नये. मोर्सला ते जमलं नाही. आपल्याला जमायला काहीच हरकत नाही.